छापा, काटा आणि कुंडली

विज्ञानाच्या तासाला कधी ना कधी हा प्रसंग येतोच. ग्रहणाचा धडा चालू असतो. राहू-केतू हे राक्षस नव्हेत, चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला ज्या दोन ठिकाणी छेदते ते हे दोन पातबिंदू, असे आपण फळ्यावर आकृती काढून समजावून सांगत असतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहते आणि विचारते, "बाई, माझी आजी ग्रहणात जेवत नाही. मग ती चुकते का?" वर्ग हसतो. यापुढे बाई काय बोलतात यावर पुष्कळ काही अवलंबून असते. "हो, ती अंधश्रद्धा आहे," असे म्हणावे तर त्या मुलीला घर आणि शाळा यांतून एकाची निवड करावी लागते. "ज्याची त्याची श्रद्धा," म्हणून विषय मिटवावा तर विज्ञानाचा तास तिथेच संपतो.

या दोहोंपेक्षा वेगळे असे तिसरे उत्तर देता येईल का? ते शोधण्यासाठी पुण्यात झालेल्या एका प्रयोगाची येथे चिकित्सा करायची आहे. हा प्रयोग गाजला, त्याच्या निकालाच्या बातम्याही झाल्या. पण शिक्षकांनी तो ज्या कारणासाठी वाचायला हवा, ते कारण बातम्यांच्या गर्दीत हरवले. तेव्हा त्या प्रयोगाचे गुण सांगावेत, दोष सांगावेत, आणि श्रद्धेविषयी तो काय बोलतो व कुठे गप्प राहतो हेही पाहावे.

प्रयोग काय होता?

बंगळूरहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या पाक्षिकाच्या १० मार्च २००९ च्या अंकात ज्योतिषाच्या सांख्यिकीय चाचणीवर तीन पानांचा एक लेख आला. लेखक चौघे होते. पुण्यातील 'आयुका' या खगोलशास्त्र केंद्राचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर, तेव्हाच्या पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि एके काळी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास करून पुढे त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून 'ज्योतिर्विज्ञान' शिकवण्याची योजना आणली. अनेक वैज्ञानिकांनी तिला विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ साली न्यायालयाने विरोधकांची याचिका फेटाळली. एखादा विषय विद्यापीठात शिकवावा की नाही, हे कायद्याने ठरू शकते. त्या विषयातली भाकिते खरी ठरतात की नाही, हे मात्र न्यायालयात ठरत नाही. त्यासाठी ती तपासावी लागतात, आणि पुण्याच्या गटाने तेच काम हाती घेतले.

प्रयोगाची मांडणी साधी होती. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून मुलांची जन्मतारीख, जन्मवेळ व जन्मस्थळ गोळा केले. शंभर मुले अभ्यासात हुशार समजली गेलेली आणि शंभर मुले मतिमंदांच्या शाळांतली. ('मतिमंद' हा त्या काळचा शब्द. आज आपण 'बौद्धिक अक्षमता' असे म्हणतो.) या दोनशे मुलांच्या कुंडल्या मांडल्या, त्यांवरची नावे काढून सांकेतिक क्रमांक घातले आणि उत्तरांची यादी संख्याशास्त्र विभागाच्या ताब्यात ठेवली. मे २००८ मध्ये पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आवाहन करण्यात आले. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला दोनशेपैकी चाळीस कुंडल्या मिळणार होत्या. प्रत्येक कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच त्याने सांगायचे होते.

एक्कावन्न ज्योतिषांनी तयारी दाखवली. उत्तरे सत्तावीस जणांकडून आली. सर्वांत अधिक गुण मिळाले २४, तेही एकालाच. त्याखालोखाल दोघांना २२. उरलेले सर्व २० किंवा त्याहून खाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासून दिल्या. त्यांतल्या १०२ बरोबर निघाल्या.

आकडे कसे वाचावेत?

इथे आपल्या गणिताच्या शिक्षकांना हाताशी घ्यावे. कुंडलीकडे न पाहताच प्रत्येक वेळी नाणे उडवले आणि छापा पडला तर 'हुशार', काटा पडला तर 'मतिमंद' असे लिहिले, तर चाळीसपैकी सरासरी वीस उत्तरे बरोबर येतील. पण दर वेळी नेमकी वीस येणार नाहीत. प्रमाण विचलन काढले तर ते चाळीस गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे दहाचे वर्गमूळ, सुमारे ३.१६ येते. म्हणून नाणेफेकीत सतरा-अठरा येणे किंवा बावीस-तेवीस येणे अगदी रोजचे आहे.

मग २४ गुण मिळवणाऱ्या ज्योतिषाला काही गम्य होते का? निव्वळ नाणेफेकीत २४ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शेकडा तेरा-चौदा आहे. सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती तर त्यांतल्या तिघा-चौघांना २४ किंवा अधिक गुण मिळाले असते. इथे मिळाले एकालाच. याउलट कोणी २८ गुण मिळवले असते तर थांबून विचार करावा लागला असता. कारण एकट्या माणसाला अंदाजाने तेवढे मिळण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. २८ पर्यंत कोणीच पोचले नाही. संस्थेचे १०२ म्हणजे तर नाणेच.

ही गोष्ट मुलांना सांगण्याऐवजी करून दाखवावी. वर्गातल्या सत्तावीस मुलांना प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवायला लावावे, छापे मोजून फळ्यावर लिहावेत. त्यांत बहुधा एखाद्याला पंचवीस-सव्वीस मिळतात आणि वर्ग त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागतो. त्याच क्षणी विचारावे: "याला नाण्याची विद्या येते का?" कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण मुलांना पाठ असते. फांद्या किती आणि कावळे किती हे मोजायला मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

जमेची बाजू

या प्रयोगाचे पहिले मोल हे, की त्याने ज्योतिषांना आधी विचारले. निकालानंतर "असे नव्हे, तसे" म्हणायला जागा राहू नये म्हणून यशाची कसोटी आधी ठरली आणि ती जाहीर झाली. विज्ञानात हा शिष्टाचार आहे. आपल्या रोजच्या वादांत तो फारसा दिसत नाही.

दुसरे मोल आंधळेपणाचे. हा शब्द इथे चांगल्या अर्थाने आहे. ज्योतिषाला मूल दिसत नव्हते, त्याचे कपडे, बोलणे, पालकांचे चेहरे दिसत नव्हते. कुंडल्या पाठवणाऱ्यांनाही कोणती कोणाची हे ठाऊक नव्हते. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत वाचून जे सांगता येते ते बाजूला काढले, म्हणजे कुंडलीतून काय कळते तेवढेच शिल्लक राहते. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनीही अशीच दुहेरी अंधचाचणी घेऊन १९८५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली होती. तिथे प्रत्येक कुंडलीसाठी तीन व्यक्तिमत्त्व-वर्णनांतून योग्य ते निवडायचे होते. निम्म्या वेळा तरी बरोबर निवडू, असा ज्योतिषांचा अंदाज होता. प्रत्यक्षात यश एक-तृतीयांशाच्या आसपास आले. तीनांतून एक डोळे मिटून निवडले तरी तेवढेच येते.

तिसरे मोल भाषेचे. लेखात टिंगल नाही. ज्योतिषी फसवे आहेत, लबाड आहेत असे कुठे म्हटलेले नाही. भाग घेणाऱ्यांतले बहुतेक जण आपल्या विद्येवर मनापासून विश्वास ठेवणारे असणार. नाहीतर त्यांनी चाळीस कुंडल्या घेऊन बसण्याचे कष्ट कशाला घेतले असते? खरे म्हणजे कौतुक त्या सत्तावीस जणांचेही करायला हवे. आपले म्हणणे तपासायला देण्याचे धैर्य त्यांनी दाखवले.

उणी बाजू

आता दोष. चिकित्सा दुसऱ्याची करायची आणि आपल्या बाजूच्या माणसांची करायची नाही, असे चालत नाही.

एक्कावन्नपैकी चोवीस जणांची उत्तरे आलीच नाहीत. उत्तरे न पाठवणारे ज्योतिषी अधिक जाणकार होते, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरवायला या प्रयोगात साधन नाही. त्या म्हणण्याला काही आधार नाही, एवढेच म्हणता येते. मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग पुन्हा व्हायला हवा.

जन्मवेळ अचूक होती कशावरून, हा दुसरा आक्षेप. तो रास्त आहे, पण दुधारी आहे. पालकांनी सांगितलेली वेळ चुकीची असेल तर ज्योतिषाकडे रोज जाणाऱ्या माणसांच्या पत्रिकाही त्याच पालकांच्या आठवणीवर मांडलेल्या असतात. चाचणीच्या वेळी वेळ अविश्वसनीय आणि लग्न जुळवताना तीच विश्वसनीय, असे कसे चालेल?

तिसरा मुद्दा सरासरीचा. सत्तावीस जणांची सरासरी वीसच्याही खाली गेली, म्हणून "ज्योतिषी नाण्यापेक्षा वाईट" अशी टाळी घेण्याचा मोह होतो. ती घेऊ नये. हे सर्वजण साधारण सारख्याच नियमांनी कुंडली वाचतात. त्यामुळे एकाची चूक आणि दुसऱ्याची चूक स्वतंत्र नसते. शिवाय कुंडल्याही त्याच दोनशेतल्या. सत्तावीस स्वतंत्र नाणी आणि एकाच साच्यातून निघालेली सत्तावीस नाणी यांत फरक आहे. निष्कर्ष एवढाच काढावा की या प्रश्नावर कुंडलीतून उपयोगी माहिती मिळाल्याचे दिसले नाही.

चौथा मुद्दा शिक्षक म्हणून मला अधिक टोचतो. मुलांची 'हुशार' आणि 'मतिमंद' अशी विभागणी प्रयोगाला सोयीची होती, कारण फरक ठसठशीत हवा होता. कुंडलीतून बुद्धी कळते असे ज्योतिषीच म्हणतात, तेव्हा त्यांच्याच दाव्याचे हे सर्वांत सोपे रूप होते, हेही खरे. तरीही मुलाच्या कपाळावर एका शब्दाचा शिक्का मारणे हीसुद्धा एक समजूतच आहे, आणि ती शाळेत रोज पाळली जाते. पहिल्या घटक चाचणीवरून "हा काही पुढे जायचा नाही" असे भाकीत करणाऱ्या आपल्यासारख्यांचीही अशी चाचणी कोणी घ्यावी, असे मनात येऊन जाते.

श्रद्धेला हात लागतो का?

या प्रयोगाने श्रद्धेला धक्का बसला असे काहींना वाटले, तर काहींना तसे व्हावे अशी इच्छा होती. प्रत्यक्षात प्रयोगाने देवाविषयी चकार शब्द काढलेला नाही. त्याने एक दावा घेतला: "कुंडलीवरून मुलाची बुद्धी ओळखता येते." हा दावा जगाविषयी आहे. तो खरा असेल तर एक दिसेल, खोटा असेल तर दुसरे. म्हणून तो तपासता येतो. "पांडुरंगापुढे उभे राहिले की माझे मन शांत होते," हे विधान तसे नाही. बोलणारा आपल्या अनुभवाविषयी बोलतो आहे. त्यात मोजायला आपल्याला बोलावलेले नाही.

सगळी अडचण या दोन विधानांच्या मधल्या प्रदेशात आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो अशी वार्ता पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. त्या दिवशी दूध घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस गणपतीवर श्रद्धा ठेवत होता आणि त्याच वेळी एक भौतिक दावाही करत होता. दाव्याचे उत्तर पृष्ठताणात होते. चमचा मूर्तीला टेकला की दूध ओल्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि पातळ थर होऊन खाली ओघळते. दुधात रंग घातला की ओघळ दिसतो. पण रंगीत दूध दाखवल्यावर "म्हणजे गणपती नाहीच" असा निष्कर्ष काढणारा आणि "तुम्ही आमच्या गणपतीचा अपमान केला" म्हणणारा, हे दोघेही एकच चूक करतात. दावा आणि श्रद्धा यांची गाठ सोडवण्याऐवजी ते ती आणखी आवळतात.

तेव्हा शिक्षकाने रेषा कुठे आखावी? माझ्या मते 'श्रद्धा' आणि 'अंधश्रद्धा' या दोन शब्दांच्या मधे ती आखू नये. तशी आखली की आपली ती श्रद्धा आणि शेजाऱ्याची ती अंधश्रद्धा होते. रेषा दावा आणि भावना यांच्यामधे आखावी. जिथे कोणी जगाविषयी काही सांगतो, त्यावरून पैसे मागतो, औषध बंद करायला लावतो, मुलीचे लग्न मोडतो, तिथे "कशावरून?" हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले आहे आणि ५१-क मधील 'ज' या कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. एकाच ग्रंथात दोन्ही सुखाने नांदतात, ते या रेषेमुळेच.

पुण्याचा जुना वाद

हा वाद पुण्याला नवा नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. ते अज्ञेयवादी होते. देवाच्या कल्पनेचा उगमही ते बुद्धीच्या कसाला लावत. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी याच शहरात सत्यशोधक समाज स्थापला. फुले नास्तिक नव्हते. निर्मिकावर त्यांचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाच्याच बळावर त्यांनी धर्मग्रंथांची, पुरोहितशाहीची आणि जातिभेदाची कठोर चिकित्सा केली. न्यायमूर्ती रानडे तर प्रार्थना समाजाचे, भक्तिमार्गाचे. तिघांचे देवाविषयीचे मत तीन प्रकारचे, पण "ग्रंथात लिहिले आहे" एवढ्यावर थांबायला तिघांपैकी कोणीच तयार नव्हते. मागे जावे तर देहूच्या तुकोबांनीही नवसाच्या व्यवहाराची खिल्ली उडवली आहे. तेव्हा चिकित्सा ही भक्तीची शत्रू आहे, हा समज आपल्या परंपरेला धरून नाही.

'चिकित्सा' हा शब्दच पाहा. वैद्य करतो तीही चिकित्सा आणि टीकाकार करतो तीही चिकित्सा. नाडी पाहणाऱ्याला रोगी बरा व्हायला हवा असतो. टीकाकाराच्या मनातही तेवढे ममत्व असेल, तर त्याचा शब्द ऐकला जातो.

नव्वदच्या दशकात डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. दाभोलकर यांनी 'विवेकजागराचा वादसंवाद' या नावाने गावोगाव कार्यक्रम केले. एका व्यासपीठावर दोन डॉक्टर, दोघेही विवेकवादी, आणि तरी मतभेद उघड. लागूंचे म्हणणे, देव ही कल्पनाच आता निवृत्त करावी. श्रद्धा ठेवायची आणि फक्त तिचे काटे काढायचे, हे त्यांना पटत नसे. समिती देवाधर्माला विरोध करत नाही, शोषण करणाऱ्या प्रथांना करते, ही दाभोलकरांची भूमिका. कोणाचे बरोबर? तर्काच्या बाजूने लागूंचा मुद्दा सहज बाजूला सारता येत नाही. पुराव्यावाचून मानण्याची सवय एका ठिकाणी लागली की ती दुसरीकडे जाणारच नाही, याची हमी कोण देणार? पण शिक्षकाच्या जागेवरून पाहिले तर दाभोलकरांची वाट मला अधिक जवळची वाटते. वर्गातल्या मुलाने काय मानावे हे ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. कसे तपासावे हे शिकवण्याचा आहे, आणि ती जबाबदारीही आहे. तपासायला शिकलेले मूल उद्या लागूंच्या बाजूला जाईल किंवा वारीत जाईल. तो निर्णय त्याचा.

त्या चौघांपैकी एक

या प्रयोगाविषयी लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. लेखावर नाव असलेल्या चौघांपैकी डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर देवळाजवळच्या पुलावर गोळ्या झाडून हत्या झाली. हा पूल महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांच्या नावाचा. शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक, ईश्वरनिष्ठ, आणि अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचलेले. श्रद्धा आणि चिकित्सा एका माणसात कशी राहते याचे उदाहरण म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवावे, त्यांच्याच नावाच्या पुलावर हे घडले. १० मे २०२४ रोजी पुण्यातील विशेष न्यायालयाने या खटल्यात दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली.

ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले, त्याचा अध्यादेश हत्येनंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. या कायद्याने वारी आणि कीर्तन बंद होईल, असा प्रचार त्याआधी झाला होता. प्रत्यक्ष कायद्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत, आणि यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे त्यातच लिहिले आहे. मूळ मजकूर वाचून मग मत बनवावे, हीदेखील चिकित्साच. वरच्या वर्गांत नागरिकशास्त्राच्या तासाला हा मजकूर मुलांपुढे ठेवायला हरकत नाही.

शंकेवरही शंका

शेवटी एक सावधगिरी. शंका घेणारा नेहमी बरोबरच असतो असे नाही, आणि याचे उदाहरण याच प्रयोगाच्या पहिल्या लेखकाचे आहे. डॉ. नारळीकरांनी विश्वाच्या महास्फोट सिद्धांतावर आयुष्यभर शंका घेतली. फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी स्थिर स्थिती सिद्धांताच्या बाजूने काम केले. पुढे १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्याचे सुधारलेले रूपही मांडले. पण १९६५ साली सापडलेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचे स्पष्टीकरण महास्फोटाच्या कल्पनेने अधिक सहज मिळते, असे बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांचे मत झाले आणि नारळीकर अल्पमतातच राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची शंका वाया गेली का? नाही. बहुमताला आपले पुरावे पुन्हा पुन्हा तपासावे लागले. आणि नारळीकरांनीही आपले म्हणणे निरीक्षणांच्या चौकटीत मांडले, "मला वाटते म्हणून" असे मांडले नाही. ज्योतिषांना जी कसोटी लावली, ती त्यांच्या विश्वशास्त्रालाही चुकली नाही.

संशयवादी आणि संशयी यांत हाच फरक आहे. संशयी माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही. त्यामुळे लसीवरही ठेवत नाही आणि ग्रहणाच्या गणितावरही ठेवत नाही. संशयवादी मात्र पुरावा दिसला की मत बदलतो. मुलांना पहिला प्रकार लवकर जमतो, कारण त्यात कष्ट नाहीत. दुसरा शिकवावा लागतो.

वर्गात काय करावे?

नाणेफेकीचा प्रयोग वर सांगितलाच. आणखी एक करता येईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक व्यक्तिमत्त्व-वर्णन दिले आणि ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६. मग त्यांनी उघड केले, की सर्वांना एकच कागद दिला होता. आपल्या वर्गात हे सहज करता येते. "तुम्ही वरून शांत असलात तरी आतून कधी कधी अस्वस्थ असता," अशी आठ-दहा वाक्ये पुरतात. मात्र एक पथ्य पाळावे. ज्याला ते फार जुळले त्याला हसू नये. आपण सगळेच तसे आहोत, हा या प्रयोगाचा धडा आहे.

दुसरे पथ्य असे, की मुलांच्या घरच्या देवघराला वर्गात आणू नये. शेजारच्या मुलाच्या धर्मातले उदाहरण तर मुळीच आणू नये. तपासायला दावे हवेत, आणि ते वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यात, खडे-अंगठ्यांच्या जाहिरातीत, आणि आज मोबाईलवर फिरणाऱ्या आरोग्याच्या सल्ल्यांत भरपूर सापडतात. एका आठवड्याचे राशिभविष्य कापून ठेवावे, राशींची नावे झाकावीत, आणि आपला आठवडा कोणत्या मजकुरात आहे हे मुलांना ओळखायला लावावे. बारांत एक म्हणजे किती टक्के, हे त्यांनाच काढू द्यावे.

आता मागच्या बाकावरची ती मुलगी. तिला सांगता येईल: "आजी ग्रहणात का जेवत नाही, ते तिलाच विचारून ये." ती दुसऱ्या दिवशी दोनांपैकी एक उत्तर घेऊन येईल. "ग्रहणात अन्न दूषित होते," असे आजी म्हणाली असेल, तर तो दावा आहे. मग पुढच्या ग्रहणात भाताची दोन पातेली घ्यावीत, सारख्याच उन्हा-वाऱ्यात, सारखाच वेळ. एक ग्रहणाच्या दिवशी, एक दुसऱ्या दिवशी. काय दिसते ते मुलीने स्वतः वहीत लिहावे आणि आजीलाही दाखवावे. आणि आजी जर म्हणाली असेल, "माझी आई पाळत होती, मलाही बरे वाटते," तर त्यात तपासण्यासारखे काही नाही. आजीच्या वाट्याचे जेवण झाकून ठेवावे आणि ग्रहण सुटल्यावर तिला वाढावे. मुलीने मात्र तेवढ्या वेळात पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडावी, आणि जमले तर आजीलाही बोलावून दाखवावी.